समासात मावलेले मत : कोनी आयलंडचा एका दिवसाचा पाहुणा

करमणूक उद्यानांचा इतिहास वाचायला घेतला की त्यात तीनच माणसे पुन्हापुन्हा भेटतात. पहिला मालक, ज्याने कर्ज काढून ते उभारले. दुसरा कारागीर, ज्याने पाळणे, बोगदे आणि घसरगाड्या बनवल्या. तिसरा टीकाकार, ज्याला ते सारे उथळ वाटले. ज्याच्या पैशावर हा सगळा खेळ चालला, तो माणूस मात्र क्वचितच दिसतो. तो एखाद्या रविवारी घरच्यांना घेऊन आला, दोन-तीन पाळण्यांत बसला, काहीबाही खाल्ले आणि पाय दुखायला लागल्यावर परतला. पुन्हा कदाचित कधीच आला नाही. इतिहासात त्याची नोंद एकाच शब्दात होते : गर्दी.

१९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले, तेव्हा आपल्याकडेही असा पाहुणा मोठ्या संख्येने तयार झाला. त्याआधी आपल्याला जत्रा ठाऊक होती. जत्रेतही पाळणा असतो, आरसेमहाल असतो. पण जत्रेला निमित्त देवाचे असते आणि माणूस दरवर्षी त्याच गावी जातो. उद्यानात मात्र निमित्तही तिकिटाबरोबर विकत घ्यावे लागते. अशा ठिकाणी सहज म्हणून गेलेल्या माणसाला नेमके काय वाटते, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडला आहे. त्याचा शोध घ्यायला मी जागा निवडली ती न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाचा समुद्रकिनारा, कोनी आयलंड. १८९५ ते १९०४ या अवघ्या नऊ वर्षांत तिथे कुंपण घातलेली, दारावर तिकीट घेणारी चार उद्याने निघाली : सी लायन पार्क, स्टीपलचेस, लूना पार्क आणि ड्रीमलँड. आजच्या थीम पार्कची मुळे बऱ्याच अंशी तिथे आहेत.

गर्दीतल्या माणसाचा पुरावा शोधताना पहिली गोष्ट हाती लागते ती पोस्टकार्ड. कोनी आयलंडहून त्या काळी पोस्टकार्डांचा पूर वाहत असे. सप्टेंबर १९०६ मधल्या एका दिवसासाठी दोन लाखांचा आकडा नेहमी सांगितला जातो. या कार्डांची एक गंमत लक्षात घ्यायला हवी. १ मार्च १९०७ पर्यंत अमेरिकी टपालाच्या नियमानुसार कार्डाच्या मागच्या बाजूवर फक्त पत्ता लिहिता येई. मजकूर लिहायचा तर तो पुढच्या बाजूला, चित्राच्या कडेला उरलेल्या चिंचोळ्या पांढऱ्या पट्टीत. म्हणजे सामान्य पाहुण्याचे मत समासात मावेल एवढेच असायचे. ग्रंथालयांनी संगणकावर खुली केलेली अशी कार्डे मी पाहत आले आहे. त्यांत उद्यानाविषयीचे मत जवळजवळ नसतेच. हवा कशी आहे, बरोबर कोण आहे, घरी कधी पोचू आणि तू असतीस तर बरे झाले असते, एवढेच. हे वाचून आधी निराशा होते. मग ध्यानात येते की हेच त्याचे मत आहे. त्याच्या लेखी उद्यान म्हणजे कोणाच्या तरी सोबतीने घालवलेला दिवस.

दुसऱ्या टोकाला मॅक्झिम गॉर्की आहे. रशियातल्या क्रांतीसाठी पैसा गोळा करायला तो १९०६ साली अमेरिकेत आला होता. त्याने कोनी आयलंड पाहिले आणि त्यावर लिहिलेला लेख १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘द इंडिपेंडंट’ या साप्ताहिकात छापून आला. समुद्रावरून दिसणाऱ्या प्रकाशाच्या त्या नगरीने तोही क्षणभर दिपला. जवळ गेल्यावर मात्र त्याला दिसला तो कंटाळा. कामगाराची उमेद बोथट करणारे, त्याच्या खिशातली नाणी काढून घेणारे हे ठिकाण आहे, असा त्याचा निष्कर्ष. लेखाचे नावच कंटाळ्यावरून दिलेले.

गॉर्कीची नजर तीक्ष्ण होती. पण तोही एका फेरीचा पाहुणाच होता आणि भोवतालची माणसे कुठून आली, हे त्याने पुरेसे विचारात घेतले नाही. कॅथी पीस या इतिहासकार बाईंनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात याच काळातल्या कामकरी मुलींचा अभ्यास केला आहे. कारखान्यात दिवसभर राबायचे, कोंदट चाळीत राहायचे, पगार बहुधा आईच्या हाती द्यायचा. अशा मुलीला समुद्राचा वारा, नाचाची जागा आणि घरच्यांच्या नजरेआड काही तास, हे सारे थोडक्या पैशांत कोनी आयलंडला मिळे. तिला कंटाळा येत असेलच, तर तो कारखान्यात. १९२० मध्ये शहराची सबवे रेल्वे पाच सेंटांत थेट किनाऱ्यापर्यंत नेऊ लागली, तेव्हा सुटीच्या दिवशी लाखोंनी लोक का लोटले, याचे उत्तर गॉर्कीच्या लेखात सापडत नाही.

शब्दांत मत सापडत नसेल तर ते पावलांत आणि पैशांत शोधावे लागते. मालक लोक तेच करत होते. स्टीपलचेसचा मालक जॉर्ज टिल्यू याने हेरले की लोकांना सर्वांत जास्त आवडते ते दुसऱ्या लोकांची फजिती पाहणे. त्याच्या उद्यानात लाकडी घोड्यांच्या शर्यतीवरून उतरलेल्या जोडप्याला बाहेर पडण्यासाठी एका रंगमंचावरून जावे लागे. तिथे खालून वाऱ्याचा झोत येई, टोप्या उडत, घागरे सावरताना तारांबळ होई आणि समोर बसलेले लोक हसत. फजिती झालेले जोडपे मग त्याच लोकांत जाऊन बसे आणि पुढच्याला हसे. नट विकत आणावा लागला नाही. तोच तिकीट काढून येत होता. १९०७ मध्ये स्टीपलचेस जळाले, तेव्हा धुमसते अवशेष पाहण्यासाठी टिल्यूने दहा सेंट लावले. लोकांनी तेही दिले.

याउलट ड्रीमलँडची गोष्ट. शेजारचे लूना पार्क १९०३ मध्ये सुमारे अडीच लाख दिव्यांनी उजळले होते. १९०४ मध्ये उघडलेल्या ड्रीमलँडने दहा लाखांचा दावा केला. इमारती शुभ्र, मनोरा ३७५ फूट उंच, खेळांतही बोधाचा भाग मोठा : सृष्टीची उत्पत्ती, पापाचे फळ, नरकाचे दर्शन. तरी लूनाची लोकप्रियता त्याला गाठता आली नाही. लूनाचा फ्रेडरिक थॉम्सन याने १९०८ मध्ये लिहिलेल्या लेखात म्हटले आहे त्याचा आशय असा, की सुटीच्या दिवशी मोठ्या माणसांना पुन्हा मूल व्हायचे असते. सहा दिवस मुकादमाचे ऐकणाऱ्याला सातव्या दिवशी कीर्तन नको होते, असे मला वाटते. २७ मे १९११ च्या पहाटे ड्रीमलँडला आग लागली, ती नेमकी नरकाच्या देखाव्यातच, दुरुस्ती चालू असताना. ते पुन्हा बांधले गेले नाही.

इथवरचा पाहुणा आपल्याला आवडू लागतो. साधा, हसरा, सोबतीला आलेला. पण पुढचे दोन देखावे त्याचा हिशेब अवघड करतात.

पहिला देखावा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने १९०३ पासून १९४३ पर्यंत कोनी आयलंडवर काचेच्या उबदार पेट्यांत ठेवलेली जिवंत बाळे लोकांना दाखवली. तिकीट २५ सेंट. परिचारिका आपली अंगठी बाळाच्या मनगटात सरकवून दाखवी, म्हणजे ते किती इवलेसे आहे ते कळावे. ऐकायला हे क्रूर वाटते. पण त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक रुग्णालयांत अशा बाळांची सोयच नव्हती. कूनी आईबापांकडून एक पैसाही घेत नसे. सगळा खर्च तिकिटांतून निघे. त्याच्या सांगण्यानुसार सुमारे ८००० बाळांपैकी ६५०० जगली. त्याच्याकडे डॉक्टरकीची पदवी होती की नाही, याची शंका अभ्यासकांनी घेतली आहे. बाळे वाचली, याची नाही. ज्यांनी ती वाचवली, त्यांना आपण काही करतो आहोत हे बहुधा ठाऊकही नव्हते. ते घटकाभर कुतूहलाने डोकावून पुढच्या खेळाला गेले.

दुसरा देखावा १९०५ चा. लूना पार्कमध्ये फिलिपिन्समधल्या बोन्तोक इगोरोट लोकांचे खेडे वसवले गेले. वर्षाकाठी सणासमारंभाला होणारी कुत्र्याच्या मांसाची मेजवानी त्यांच्याकडून रोज करवून घेतली जाई, कारण लोक ती पाहायला येत. त्यांना आणणाऱ्या ट्रूमन हंटने त्यांची कमाई हडप केली आणि पुढे त्याबद्दल त्याला शिक्षाही झाली. आपल्यालाही त्या कुंपणात जागा मिळाली होती. जानेवारी १९०३ मध्ये कर्झनने भरवलेल्या दिल्ली दरबाराची नक्कल १९०४ च्या हंगामात लूनामध्ये उभी राहिली : हत्ती, उंट, झगमगीत मिरवणूक. मुंबई-पुण्याकडे तेव्हा प्लेग सरला नव्हता, छप्पनच्या दुष्काळाला चार वर्षे झाली होती. ब्रुकलिनहून परतणाऱ्या पाहुण्याच्या मनात मात्र हिंदुस्थान म्हणजे झूल घातलेला हत्ती, एवढेच राहिले असणार.

या दोन देखाव्यांतला पाहुणा एकच आहे. तीच नजर, तेच काही सेंट, तसेच थोडा वेळ थांबून पुढे जाणे. एका ठिकाणी त्यातून बाळ वाचले, दुसऱ्या ठिकाणी माणसांची विटंबना चालू राहिली. फरक पाहुण्याच्या मनात नव्हता. पैसा कोणाच्या हाती जात होता, त्यात होता. म्हणून गॉर्कीने त्याला निर्बुद्ध ठरवले ते मला पटत नाही, आणि थॉम्सनने त्याला निरागस मूल मानले तेही पटत नाही. तो दिवसापुरता आलेला आहे आणि दिवसापुरत्या आलेल्या माणसाला आपण कशाला हातभार लावतो आहोत, हे विचारायला कोणी लावत नाही.

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, त्यामागे वॉल्ट डिस्नेने जुन्या उद्यानांत पाहिलेली अस्वच्छता आणि बेशिस्त हेही एक कारण होते. आई-बाप आणि मुले एकत्र रमतील अशी, झाडलोट केलेली जागा त्याने केली. पोस्टकार्डाच्या समासातली सोबतीची इच्छा त्याने बरोबर वाचली होती. तेव्हापासून पाहुण्याचे मत जाणणे हा स्वतंत्र धंदाच झाला आहे. रांग किती लांब, सावली आहे का, खाणे महाग वाटले का, पुन्हा याल का, हे सारे त्याला विचारले जाते.

समास आता रुंद झाला आहे, आणि ते चांगलेच आहे. पण हे प्रश्न विचारणारा मालकच असतो आणि उत्तरे त्याच्याच उपयोगाची असतात. आतल्या माणसांना पगार पुरतो का, ही जमीन आधी कोणाची होती, इथे दाखवलेला देश खरा तसाच आहे का, हे प्रश्न त्या यादीत सापडायचे नाहीत. ते पाहुण्याने स्वतःच विचारायचे असतात. सहज म्हणून गेलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा जास्त आहे का? कूनीच्या पेट्यांतून वाचलेली हजारो बाळे पाहिली, तर त्याच्या २५ सेंटांना किंमत नव्हती असे कोण म्हणेल? आणि तशी किंमत होती, तर इगोरोटांच्या खेड्यासमोर टाकलेल्या नाण्यांचीही ती धरावी लागेल.