किराणा खर्चाला नियोजनाची कात्री

महागाईला आळा घालणे गृहिणीच्या हाती नसले, तरी खरेदीची वेळ, प्रमाण आणि पद्धत यांचा विचार केल्यास महिन्याचा हिशेब सावरता येतो.

यादी : महिन्याच्या प्रारंभी डबे तपासून, आठवड्याचे जेवण ठरवून यादी करावी. यादीबाहेरील वस्तू सवलतीत मिळाली, तरी तो खर्चच असतो.

हंगाम : नवी तूर साधारण जानेवारीपासून, तर नवा गहू मार्चपासून बाजारात येतो. आवक वाढली की दर बहुधा उतरतात. वर्षाची बेगमी परवडत नसल्यास दोन-तीन कुटुंबांनी मिळून पोते घ्यावे. मात्र, सांभाळता येईल तेवढेच भरावे. कीड लागलेले धान्य सर्वांत महाग पडते.

वजन : एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे 910 ग्रॅम भरते, हे तुलना करताना ध्यानात ठेवावे. 2021 मधील नियमदुरुस्तीनंतर ठरावीक वजनाच्या पाकिटांचे बंधन राहिले नाही. त्यामुळे पाकिटावर छापलेला प्रति किलो वा प्रति ग्रॅम दर पाहणे श्रेयस्कर.

सुटा माल : 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के वस्तू व सेवा कर आहे, सुट्या मालावर तो नाही.

रोजंदारीवरील कुटुंबांना रोज पाव-पाव किलो घेताना किलोमागे अधिक मोजावे लागते. तेथे आठवड्याची एकत्रित खरेदीही उपयुक्त ठरते.