मामाचा सल्ला आणि बॅटरीचा इतिहास

गेल्या चतुर्थीला आम्ही सगळे मूळ घरी जमलो होतो. माटोळी बांधून झाली, आरत्या झाल्या आणि दुपारी भाचा आपली रिमोटची गाडी घेऊन अंगणात उतरला. थोड्या वेळाने गाडी मंदावली. तो बॅटरी काढू लागला तेव्हा मी मोठ्या अधिकाराने म्हणालो, "अरे, पूर्ण थांबेपर्यंत चालव. अर्धवट चार्ज केली तर बॅटरीला वाईट सवय लागते."

हा सल्ला माझा नव्हता. माझा मामा बोटीवर नोकरीला होता. १९९० च्या सुमारास त्याने मला अशीच एक गाडी आणून दिली, आणि तिच्याबरोबर हा सल्लाही दिला. भाच्याने माझं ऐकलं. दोन दिवसांनी फोन आला, "मामा, बॅटरी उशीसारखी फुगलीय." त्याने वर्षभर साठवलेल्या पैशांतून ती घेतली होती.

मी सरकारी कारकून. चुकीचा शेरा मारला गेला की मागची कागदपत्रं काढून बघायची, ही जन्माची सवय. म्हणून या सल्ल्याचीच फाईल उघडली. ती थेट एकोणिसाव्या शतकात गेली.

रेडिओने चालणाऱ्या वाहनाची सुरुवातच मुळी बॅटरीवर झाली. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक छोटी होडी दूरवरून चालवून दाखवली. तिच्या पोटात पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या होत्या. अशा बॅटरीचा शोध फ्रान्सच्या गास्टाँ प्लाँते यांनी १८५९ सालीच लावला होता. शिसं आणि आम्लाची ही बॅटरी, आपल्या मोटारीत अजून असते तीच. तिचा नियम असा, की तिला नेहमी भरलेली ठेवावी. रिकामी पडून राहिली तर आतल्या पट्ट्यांवर खर बसते आणि ती कायमची मंदावते. शिवाय ती जड. होडीला चालेल, पण चिमुकल्या गाडीला आणि विमानाला कशी चालणार?

१९५७ साली इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी 'रेडिओ क्वीन' हे विजेवर चालणारं रेडिओ-नियंत्रित विमान उडवलं. त्यासाठी त्यांना चांदी आणि जस्ताची महागडी बॅटरी वापरावी लागली. ती हलकी होती, पण थोड्याच वेळा चार्ज होई. सामान्य हौशी माणसाच्या खिशाला परवडणारी बॅटरी वेगळीच निघाली. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ सालीच निकेल-कॅडमियमची बॅटरी बनवली होती. पुढे ती पूर्ण बंदिस्त डबीत मिळू लागली. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली आपली पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी, पोर्शे ९३४, बाजारात आणली आणि विजेवरच्या गाड्यांचा छंद घरोघरी पोचला. १.२ व्होल्टचे सहा सेल जोडून ७.२ व्होल्टचा पॅक, हे त्या गाड्यांचं ठरलेलं माप झालं. मामाने आणलेल्या गाडीत तेच होतं.

निकेल-कॅडमियमला रिकामं होण्याची भीती नाही. उलट शर्यतवाले लोक शर्यत संपल्यावर छोटा दिवा जोडून एकेक सेल मुद्दाम उतरवत, म्हणजे सगळे सेल पुढच्या वेळी एका पातळीवर येत. 'सवय लागते' हा समज इथूनच पसरला. उपग्रहांतल्या बॅटऱ्या रोज अगदी एकाच मापाने उतरत आणि भरत. त्यांच्यात हा दोष दिसला होता. छंदातल्या पॅकमध्ये लोक ज्याला सवय म्हणत, ते बहुतेक वेळा जास्त चार्ज केल्याचं फळ होतं. भरलं कधी हे कळायचं कसं? सुरुवातीला लोक घड्याळ लावत आणि सेलला हात लावून बघत. गरम लागला की बंद. मग अशी यंत्रं आली, की सेल भरल्यावर त्याचा व्होल्टेज किंचित उतरतो तो क्षण ओळखून ती आपोआप थांबत.

पण त्या बॅटरीलाही मर्यादा होती. मी एका पावसाळ्यात गाडीचं बटण चालू ठेवूनच ती कपाटात ठेवली. चतुर्थीला काढली तेव्हा सेलांच्या तोंडाशी पांढरी पूड जमली होती. पूर्ण उतरल्यावरही प्रवाह खेचत राहिला, की सगळ्यात कमजोर सेल उलटा चार्ज होतो आणि मरतो. मामा पुढच्या रजेवर आला तेव्हा मी गाडी लपवून ठेवली. त्याने दोनदा विचारलं, मी खोटं बोललो. मामा आता नाही.

१९८९ च्या सुमारास निकेल-मेटल हायड्राइड बाजारात आली. तेवढ्याच आकारात जास्त साठा आणि विषारी कॅडमियम नाही. पण ती पडल्या पडल्या उतरे. २००५ साली सान्योने एनेलूप आणली, तेव्हा ही गळती बरीच कमी झाली. तोवर लिथियम आलं होतं. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांच्या कामावर उभी राहिलेली लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनीने विकायला काढली. २०१९ साली या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिचंच मऊ पाकिटातलं भावंड, लिथियम-पॉलिमर, एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला या छंदात शिरलं.

इथे नियम पुन्हा फिरला. या सेलचा व्होल्टेज भरल्यावर ४.२ असतो आणि ३ च्या खाली तो कधीच जाऊ द्यायचा नाही. गेला तर आतली रचना बिघडते, पुढच्या चार्जिंगला वायू धरतो, पाकीट फुगतं, प्रसंगी पेटतं. गाडीतल्या नियंत्रकात वेळीच मोटर थांबवण्याची सोय असते. भाच्याच्या गाडीत ती खूण निकेलच्या बाजूला लावलेली निघाली. त्यामुळे थांबवणारं कोणी नव्हतं, आणि वर माझा सल्ला!

म्हणजे शिशाची बॅटरी भरलेली ठेवावी, निकेल-कॅडमियम उतरवलेली चालते आणि लिथियम मधोमध, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास. मामा चुकला नव्हता. मी मात्र तारीख न बघता जुनं परिपत्रक नव्या फाईलला लावलं.

फुगलेला पॅक आम्ही टोचला नाही, कचऱ्यातही टाकला नाही. वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवला आणि मग ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिला. २०२२ च्या नियमांनुसारही जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी द्यायची असते.

नवा पॅक मी घेऊन दिला. त्यासोबत व्होल्टेज उतरला की ओरडणारा एक छोटा भोंगा आणि एक नोंदवही. चार्जिंग चालू असताना घरात कोणीतरी जागं हवं आणि प्रत्येक सेल संतुलित करणारा चार्जरच वापरायचा, एवढं पहिल्या पानावर लिहिलं आहे. त्याखाली मामाचा सल्लाही लिहिला आहे, पण 'फक्त निकेल-कॅडमियमसाठी' असा शेरा मारून. आणि तो कोणाचा, तेही लिहिलं आहे.

भाचा दर रविवारी मला आकडे कळवतो. गेल्या रविवारी ३.८१ आणि ३.८० होते.