उथळ पाण्यातल्या तीन बहिणी

अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिणेला बेटांची माळ आहे. तिथल्या आयलामोराडा गावात हौशी लोक गळ टाकायला येतात आणि मासा दाखवणाऱ्या वाटाड्याला मजुरी देतात. १९४०-५०च्या सुमारास बॉनी स्मिथ, फ्रँकी अल्ब्राइट आणि ब्यूला कॅस या सख्ख्या बहिणी तिथे वाटाड्या होत्या. हिवाळा सरताना ऊन चढलं, की उथळ पाणी कोमट होतं. बोनफिश चरायला येतो. तेव्हा लांब काठीने होडी गुपचूप ढकलायची, पाण्यातली सावली ओळखायची, हे त्यांचं कसब. बॉनी आणि फ्रँकीचे नवरेही नामांकित वाटाडे. पण या दोघी नुसत्या मदतनीस नव्हत्या. बाईचं कसब ‘मदत’ म्हणून खपतं, तेव्हा तिची मजुरी बुडते. आपल्या कामालाही ‘धंदा’च म्हणूया.