तीन महिन्यांचा किल्ला, सात वर्षांचं राज्य

आज जरा लांब जायचंय, थेट व्हिएतनामला. हनोईच्या दक्षिणेला साधारण दीडशे किलोमीटरवर थान्ह होआ प्रांत आहे. तिथे भातशेतीच्या मधोमध एक अवाढव्य दगडी दरवाजा उभा आहे, शेजारी शेजारी तीन कमानींचा. कमानीतून आत गेलं की काय दिसतं? पुन्हा शेतंच. राजवाडा नाही, दरबार नाही. चारी बाजूंना तट आणि आत दोन दगडी ड्रॅगन, तेही बिनमुंडक्यांचे.

हा हो घराण्याचा किल्ला. २०११ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

खरं सांगतो, मी या भागाची पहिली स्क्रिप्ट लिहिली ती निव्वळ बांधकामाच्या कौतुकाने. कौतुक करण्यासारखं आहेच ते. किल्ला जवळपास चौकोनी, एकेक बाजू ८७० ते ८८० मीटरची. म्हणजे तटाला एक फेरी मारायची तर साडेतीन किलोमीटर चालायचं. चुनखडीचे घडीव चिरे, काही तर २० टनांहून जड. ते एकावर एक रचलेत, सांध्यात चुना नाही की काही नाही. कमानीचे दगड पपनसाच्या फोडींसारखे तासून एकमेकांत बसवलेत. परिसरात दगडी गोळे सापडलेत. त्यांच्यावरून गडगडवत हे चिरे आणले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि हे सगळं उभं राहिलं १३९७ साली, अवघ्या तीन महिन्यांत!

तीन महिने. इथेच मी अडकलो. एवढी घाई कोणाला होती?

घाई होती हो क्वी ली या माणसाला. तेव्हा गादीवर त्रान घराणं होतं, पण कारभार सगळा याच्या हातात. राजा तर याचाच जावई. राजधानी थांग लाँगला, म्हणजे आजच्या हनोईत. तिथे त्रान घराण्याची मुळं खोलवर गेलेली. म्हणून याने राजधानीच उचलली आणि आपल्या हक्काच्या मुलखात आणली. पुढचं सगळं भराभर घडलं. १३९८ मध्ये जावयाला गादी सोडायला लावली आणि छोट्या नातवाला बसवलं. १३९९ मध्ये जावयाला मारलं. १४०० मध्ये नातवालाही बाजूला सारून हा स्वतः राजा झाला.

पण याला नुसता खलनायक म्हणून सोडून देता येत नाही बरं का. माणूस डोकेबाज होता. कोणी किती जमीन ठेवायची यावर त्याने मर्यादा घातली. त्याच्या घराण्याच्या काळात सरकारी परीक्षेत गणित आलं. १३९६ मध्ये त्याने कागदी नोटा काढल्या. फक्त त्या घ्यायच्या की नाही, हे लोकांना विचारलं नाही. तांब्याची नाणी सरकारजमा करा, नोटा घ्या, आणि नाणी लपवली तर जप्ती! कल्पना काळाच्या पुढची, पण रीत दंडुक्याची.

किल्ल्याचंही तेच झालं. पूर्वेच्या दरवाज्याजवळ एक छोटं देऊळ आहे, बिन्ह ख्युओंग नावाच्या बाईचं. दंतकथा अशी, की पूर्वेकडचा तट तिच्या नवऱ्याच्या देखरेखीखाली होता. तो सारखा ढासळायचा. मुद्दाम उशीर करतोस, असा ठपका ठेवून त्याला मारलं. तिने त्याच तटाच्या दगडावर डोकं आपटून प्राण दिला. खळगा पडलेला तो दगड लोक आजही पुजतात. हे असंच घडलं का, याला पुरावा नाही. पण सव्वासहाशे वर्षांत लोकांनी देऊळ कोणाचं राखलं ते बघा. राजाचा तट आहे, पण फुलं तिच्या दगडावर पडतात.

पुढे चीनच्या मिंग सम्राटाची स्वारी येणार हे दिसू लागलं. दरबारात खल चालला होता. राजाचा थोरला मुलगा हो न्गुएन त्रुंग हा तोफा-बंदुकांचा जाणकार. तो म्हणाला, लढायची भीती नाही, लोक आपल्यामागे येतील का याची आहे. बखरीत लिहिलंय की बापाने खूश होऊन त्याला सोन्याचा पानाचा डबा बक्षीस दिला! आता ही बखर पुढच्या ले घराण्याच्या काळातली, तेव्हा जरा जपूनच वाचायची. पण निकाल सगळ्यांना माहीत आहे. १४०६ मध्ये मिंग फौजा आल्या आणि १४०७ मध्ये राजा आणि त्याची मुलं पकडली गेली. तीही या तटाच्या आड नाही, दक्षिणेला पळून जात असताना. राज्य टिकलं सात वर्षं.

आणि गंमत ऐका. त्यानंतर वीस वर्षं मिंगांचा अंमल होता. तो उलथवणारा ले लोय याच थान्ह होआ प्रांतातला. १४१८ मध्ये लाम सोन गावातून त्याने उठाव केला, तेव्हा त्याच्याकडे असला दगडी किल्ला नव्हता. डोंगरात लपत, उपाशी राहत, माणसं जोडत तो लढला आणि १४२७ मध्ये जिंकला.

म्हणून मी स्क्रिप्ट बदलली. किल्ला तीन महिन्यांत बांधता आला, हे खरं. पण हो क्वी लीने लोकांना तेवढाही वेळ दिला नाही.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!