शत्रूचा माग आणि पेटंटाचा कागद

‘पेटंट’ हा शब्द औषधाच्या बाटलीबरोबर आणि शिवणयंत्राबरोबर आपल्या घरांत आला आणि कायमचा राहिला. परंतु त्याचा मूळ अर्थ फारसा कोणी विचारांत घेत नाहीं. लॅटिन भाषेंत या शब्दाचें मूळ ‘उघडें असणें’ या अर्थाचें आहे. पूर्वीं इंग्लंडचा राजा एखाद्याला कांहीं हक्क देई, तेव्हां तें पत्र मोहोर लावून बंद करीत नसत. सर्वांनीं वाचावें म्हणून तें उघडेंच ठेवीत. तें उघडें पत्र म्हणजे पेटंट. पुढें शोधकाला मिळणाऱ्या हक्काला हेंच नांव पडलें, आणि त्या हक्काच्या पोटांत एक सौदा आहे. शोधकानें आपली युक्ति साद्यंत लिहून द्यावी, सरकारनें ती छापून प्रसिद्ध करावी, आणि त्याच्या मोबदल्यांत ठराविक वर्षें त्या युक्तीचा मक्ता शोधकाकडे राहावा. गुपित द्या आणि हक्क घ्या, असा हा रोखठोक व्यवहार आहे.

आतां, श्रोतेहो, जी युक्ति शत्रूच्या कानीं गेली असतां आपलें नगर जळून जाईल, तिचें पेटंट कसें घ्यावयाचें? उघडें करावें तर घात, झांकावें तर पेटंटाचा अर्थच उरत नाहीं. आकाशांतून येणाऱ्या शत्रूचा माग काढण्याच्या विद्येला हा पेंच जन्मापासून चिकटलेला आहे. तिचा इतिहास आज या बाजूनें सांगावा असा माझा विचार आहे. विमानांच्या लढायांचीं वर्णनें आपण पुष्कळ वाचलीं असतील. कचेरीच्या दप्तरांत पडून राहिलेल्या कागदांची हकीकत त्या मानानें कमी सांगितली जाते.

आरंभ जर्मनीपासून करावयास हवा. ख्रिश्चन हुल्समायर नांवाच्या बावीस वर्षांच्या तरुणानें इ. स. १९०४ च्या एप्रिलांत बर्लिनच्या कचेरींत एक अर्ज केला. मी शाळेंत प्रतिध्वनीचा धडा शिकवितांना मुलांना विहिरीच्या कांठीं नेऊन हाक मारावयास लावीत असें. हुल्समायरची कल्पना त्याच जातीची होती, मात्र त्याची हाक ध्वनीची नसून विद्युत्-लहरींची होती. ठिणगीच्या यंत्रांतून लहरी सोडाव्या, समोर धातूची मोठी वस्तु असेल तर त्या परत फिरतील, आणि परत आल्या म्हणजे घंटा वाजावी. त्यानें या यंत्राला ‘टेलिमोबिलोस्कोप’ असें लांबलचक नांव दिलें. त्या वर्षीच्या मे महिन्यांत कोलोन शहरीं ऱ्हाइन नदीवर त्यानें त्याचा प्रयोग करून दाखविला, आणि नदींतून जाणारी आगबोट समोर येतांच घंटा वाजली. जून महिन्यांत हॉलंडांतील रॉटरडॅम बंदरांत पुनः प्रयोग झाला. जर्मनींत आणि इंग्लंडांतहि त्याला पेटंट मिळालें. अंतर काढतां येत नाहीं ही उणीव त्याला स्वतःलाच जाणवली होती. म्हणून उंच मनोऱ्यावरून कोन मोजून अंतर ताडण्याची एक युक्ति त्यानें दुसऱ्या पेटंटांत घातली.

या वेळीं राइट बंधूंच्या विमानाला उणेंपुरें अर्धें वर्षहि झालें नव्हतें! हुल्समायरच्या डोळ्यांपुढें धुक्यांत एकमेकांवर आदळणाऱ्या आगबोटी होत्या, विमानें नव्हतीं. पण जहाजांच्या कंपन्यांनींहि त्याचें यंत्र घेतलें नाहीं, आणि जर्मन नौदलानेंहि नकार दिला. जहाजाचा भोंगा याहून लांब ऐकूं जातो, असें त्याला ऐकविण्यांत आलें म्हणून सांगतात. या नकाराबद्दल पुढें पुष्कळांनीं जर्मन अधिकाऱ्यांना मूर्ख ठरविलें आहे. मला तें न्यायाचें वाटत नाहीं. त्या यंत्राचा पल्ला फार तर तीन किलोमीटर होता. क्षीण लहरींना बळ देणारा व्हॉल्व्ह तेव्हां वापरांत नव्हता. आणि कोणाच्या ठिणगीमुळें घंटा वाजली हेंहि खात्रीनें सांगतां येत नव्हतें. पेटंटाच्या कागदावर कल्पना पुरी होती, पण तिला हातपाय देणारीं उपकरणें अजून जन्मावयाचीं होतीं. त्याच वर्षाच्या मार्चमध्यें आपल्या जगदीशचंद्र बसूंना विद्युत्-लहरी टिपणाऱ्या स्फटिकाच्या उपकरणाबद्दल अमेरिकेंत पेटंट मिळालें होतें. तेंहि स्नेह्यांच्या आग्रहामुळें, कारण विद्येचा असा सौदा बसूंना मनापासून रुचत नसे.

तीस वर्षें गेलीं. पहिल्या महायुद्धांत लंडनवर बाँब पडले होते, आणि विमानाची चाहूल आधीं कशी घ्यावी याची इंग्लंडला विवंचना लागली होती. केंट परगण्याच्या किनाऱ्यावर काँक्रीटच्या प्रचंड वक्र भिंती उभारल्या. त्यांतली एक दोनशें फूट लांब होती. समुद्रावरून येणारा इंजिनांचा आवाज त्यांनीं गोळा करावयाचा. परंतु विमानांची गति वाढत चालली, आणि ध्वनि बिचारा आपल्या जुन्याच चालीनें येत राहिला. पूर्वसूचना मिळावयाची ती थोड्या मिनिटांची.

१९३५ च्या आरंभीं इंग्लंडच्या हवाई खात्यानें रॉबर्ट वॉटसन-वॅट या स्कॉटिश शास्त्रज्ञाला विचारलें कीं, लहरींच्या माऱ्यानें शत्रूचा वैमानिक मारतां येईल काय? अशा ‘मृत्युकिरणां’च्या वावड्या तेव्हां वर्तमानपत्रांतून उठत असत. वॉटसन-वॅटनें आपला सहायक आर्नल्ड विल्किन्स याला गणित करावयास सांगितलें. मनुष्याच्या देहांतील रक्ताइतकें पाणी कांहीं किलोमीटरांवरून थोडें तापवावयाचें तर शक्ति किती लागेल, असें तें गणित होतें, आणि उत्तर अर्थातच अशक्य निघालें. परंतु विल्किन्सला आठवलें कीं, जवळून विमान गेलें म्हणजे आपल्या बिनतारी यंत्रांत गडबड होते, अशी तक्रार पोस्ट खात्याच्या इंजिनियरांनीं नोंदविली होती. मारतां येत नसेल, पण पाहतां येईल! २६ फेब्रुवारी १९३५ रोजीं डॅव्हेंट्री येथील बी. बी. सी. च्या केंद्राच्या लहरींतून एक हेफर्ड जातीचें विमान नेण्यांत आलें, आणि सुमारें आठ मैलांपर्यंत त्याची खूण पडद्यावर दिसली. या विद्येची पहिली परीक्षा एका नभोवाणी केंद्राच्या लहरींवर झाली, हें नभोवाणीवरून सांगतांना मला मौज वाटते.

पुढें लहरींचे तुटक ठोके सोडण्याची पद्धत आली. या लहरी सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर धांवतात. पंधरा किलोमीटरांवरील विमानाला आपटून परत येण्यास त्यांना सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. हा काळ मोजला कीं अंतर हातीं आलें. हुल्समायरला जें साधलें नव्हतें, तें आतां कॅथोड-किरणांच्या नळीमुळें साधलें. १९३९ सालीं युद्ध सुरू झालें तेव्हां इंग्लंडच्या किनाऱ्यावर तीनशें साठ फूट उंचीच्या पोलादी मनोऱ्यांची रांग पहारा देत उभी होती.

आणि पेटंट? वॉटसन-वॅटनें तें १९३५ सालींच मागितलें होतें. पण तो अर्ज गुप्त ठेवण्यांत आला, आणि त्यांतील मजकूर छापून बाहेर पडला तो १९४७ सालीं, युद्ध संपून दोन वर्षें झाल्यावर. बारा वर्षें एक ‘उघडें पत्र’ बंद राहिलें. आपल्या देशाच्या १९७० च्या पेटंट कायद्यांतहि अशी तरतूद आहे. देशाच्या संरक्षणाशीं संबंध असलेल्या शोधाची प्रसिद्धि अधिकाऱ्यांना रोखून धरतां येते.

किनाऱ्यावरचे मनोरे दिवसां पुरेसे होते. रात्रीं मात्र वैमानिकाला शत्रु स्वतःच्या विमानांतूनच दिसावयास हवा, आणि मनोरा कांहीं विमानांत बसत नाहीं. हें अवघड काम एडवर्ड बोवेन या वेल्श तरुणानें अंगावर घेतलें. १९३७ च्या सप्टेंबरांत त्याच्या यंत्रानें ॲन्सन जातीच्या विमानांतून, ढगाळ हवेंत, समुद्रावरचा आरमारी ताफा हुडकून काढला. २२ जुलै १९४० च्या रात्रीं अशाच यंत्राच्या साहाय्यानें ब्लेनहीम विमानानें एक जर्मन बाँबफेकें पाडलें. तरी एक खोड राहिलीच. दीड मीटर लांबीच्या लहरी चोहींकडे फांकत आणि जमिनीवरून परत येऊन पडदा भरून टाकीत. त्यामुळें विमान जेवढें उंच असेल तेवढ्याच अंतरापलीकडे त्याला कांहीं दिसत नसे.

यावर उपाय म्हणजे आंखूड पण जोरकस लहरी. बर्मिंगहॅमच्या विद्यापीठांत रँडल आणि बूट यांनीं तांब्याच्या ठोकळ्यांत पोकळ्या कोरून एक मॅग्नेट्रॉन बनविला, आणि २१ फेब्रुवारी १९४० रोजीं त्यांतून सुमारें दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी अशा जोरानें निघाल्या कीं पूर्वीचीं सारीं उपकरणें फिकीं पडलीं. त्याच वर्षीं बोवेन यानें त्याचा एक नमुना पेटींत घालून, परम गुप्तपणें, अमेरिकेला पोंचविला. गंमत पाहा: बहुपोकळीच्या मॅग्नेट्रॉनचें एक पेटंट हान्स होलमान या जर्मन शास्त्रज्ञाला अमेरिकेंत १९३८ सालींच मिळालेलें होतें, आणि तें कोणालाहि वाचावयास मोकळें होतें! त्याच्या लहरींची लांबी स्थिर राहत नाहीं म्हणून जर्मनांनीं तो मार्ग सोडून दिला होता. म्हणजे इंग्लंड जें गुपित जिवापाड जपत होतें, त्याचें मूळ तत्त्व जर्मनांच्याच दप्तरांत उघडें पडलें होतें. १९४३ च्या फेब्रुवारींत एक ब्रिटिश बाँबफेकें पडलें आणि त्यांतील यंत्र जर्मनांच्या हातीं लागलें, तेव्हां कोठें त्यांचे डोळे उघडले. तें विमान पडलें रॉटरडॅमजवळ. हुल्समायरनें जेथें घंटा वाजविली होती त्याच गांवाशीं.

उघडेपणाची आणखी एक तऱ्हा आहे, आणि तिला कायदा कांहींच करूं शकत नाहीं. मागून येणाऱ्या शत्रूची सूचना देण्यासाठीं ब्रिटिश बाँबफेक्यांच्या शेपटींत ‘मोनिका’ नांवाचें छोटें रडार बसविलें होतें. पण जो हाक मारतो त्याची हाक दुसऱ्यालाहि ऐकूं येते. जर्मनांनीं त्याच लहरींच्या रोखानें येणारें यंत्र केलें, आणि राखणदारच चोराला वाट दाखवूं लागला. जुलै १९४४ मध्यें एक जर्मन विमान वाट चुकून इंग्लंडांत उतरलें, तेव्हां हें उघडकीस आलें आणि मोनिका काढून टाकण्यांत आली. तोंपर्यंत त्या लहरींच्या मागावर येणाऱ्यांनीं किती तरुण गांठले असतील याचा विचार मनाला अस्वस्थ करतो.

युद्धानंतर शोधकांच्या बक्षिसांसाठीं इंग्लंडांत राजाज्ञेनें एक आयोग बसला. मॅग्नेट्रॉनबद्दल १९४९ सालीं रँडल, बूट आणि त्यांचे सहकारी सेयर्स यांना मिळून ३६,००० पौंड मिळाले. १९५२ सालीं वॉटसन-वॅटला ५२,००० पौंड मिळाले. विल्किन्ससारख्या सहकाऱ्यांच्या वांट्याला त्याहून पुष्कळ कमी आलें. ज्यानें गणित केलें आणि ज्याला ती तक्रार आठवली, त्याचें नांव आज किती जणांना ठाऊक आहे? वॉटसन-वॅटचें मात्र नांव झालें. १९५६ सालीं कॅनडांत मोटार वेगानें हांकल्याबद्दल त्याला दंड झाला, आणि तो वेग पोलिसांनीं रडारनें मोजला होता.

फ्रँक व्हिटलची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. जेट इंजिनाचें पेटंट त्यानें १९३० सालीं मागितलें, तेव्हां सरकारला तें गुप्त ठेवण्याइतकेंहि महत्त्वाचें वाटलें नाहीं. १९३५ सालीं तें चालू ठेवण्याची पांच पौंडांची फी त्याच्याजवळ नव्हती, हवाई खातेंहि भरीना, आणि पेटंट रद्द झालें. पुढें १९४८ सालीं त्याच सरकारनें त्याला एक लक्ष पौंड दिले.

हुल्समायर १९५७ सालीं वारला. मध्यंतरीं त्यानें ड्युसेलडॉर्फ येथें बाष्पपात्रें आणि तत्सम उपकरणें बनविण्याचा कारखाना चालविला होता. त्याच्या अखेरच्या दिवसांत जगांतील बंदरांत रडार लावलेल्या आगबोटी धुक्यांतून निर्धास्त ये-जा करीत होत्या; त्याच्या पेटंटाची मुदत मात्र कधींच सरून गेली होती, आणि त्यापोटीं कोणाकडूनहि त्याला एक पैदेखील येणें नव्हतें.