मोठेबाबांची दुनळी

या दिवाळीत मूलला गेलो होतो. फराळ झाल्यावर मोठेबाबांनी लोखंडी कपाटातून एक जीर्ण पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "तारीख पाह्य बरं बाबू, मले आता बारीक दिसत नाही." ते बंदुकीच्या परवान्याचं पुस्तक होतं, मार्चमध्ये मुदत संपतेय. मोठेबाबा (म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी सांगितलं) आता ८८ वर्षांचे आहेत. पूर्वी परवान्याचं नूतनीकरण तीन वर्षांसाठी व्हायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांसाठी होतं. म्हणजे पुढची तारीख येईल तेव्हा ते ९३ वर्षांचे असतील. हे ऐकून ते मनापासून हसले. "सरकारले माझ्यावर लय भरोसा आहे!"

बंदूक घेतली १९६१ साली. बारा बोअरची दुनळी. तेव्हा आमच्या जिल्ह्याला चांदा म्हणत आणि सिरोंच्यापर्यंतचं सगळं जंगल त्याच एका जिल्ह्यात होतं. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. ताडोब्यात १९३५ पासूनच शिकार बंद होती आणि १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, पण बाहेरच्या जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. वनखात्याच्या कचेरीत अर्ज करायचा, फी भरायची, ठरावीक दिवसांसाठी ब्लॉक घ्यायचा. काय मारता येईल आणि किती, ते परवान्यावर लिहिलेलं. परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देणाऱ्या शिकार कंपन्याही त्या काळात जोरात होत्या, नागपूरची ऑल्विन कूपर त्यातली नावाजलेली. मोठेबाबा आणि त्यांचे चार मित्र मात्र ससा, तितर, फार तर चितळ या वर्गातले. सायकलवर बंदूक बांधून जायचे म्हणे. ताई, तुला त्यांच्या त्या खाकी पट्ट्याची आठवण असेल, काडतुसं खोचायच्या. आपण त्यात खडू खोचायचो.

मग एकेक दार बंद होत गेलं. १९७० मध्ये देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. कागदावर 'स्मॉल गेम'चे परवाने त्या कायद्यातही शिल्लक होते, ते १९९१ च्या दुरुस्तीने गेले. हे झालं ते योग्यच झालं, यात मला काडीची शंका नाही. हा कायदा नसता तर आज ताडोब्याच्या नावाने जे पर्यटक येतात ते तळ्याकाठचं देऊळ बघून परत गेले असते. माझा प्रश्न वेगळाच आहे. ज्यांच्या हातात नेम होता ती पस्तिशीतली माणसं पुढे काय करत म्हातारी झाली?

इंग्लंड-अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर मातीच्या तबकडीने दिलं. तिकडे श्रीमंत लोक पेटीतून जिवंत कबुतर सोडून त्यावर बार टाकत. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी तर अशी स्पर्धाच झाली, शेकडो कबुतरं मेली. त्याच्याआधीपासून लोक पर्याय शोधत होते. आधी काचेचे पोकळ गोळे उडवून पाहिले, त्यांच्या काचा मैदानभर पडायच्या. १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की नावाच्या माणसाने मातीची चपटी तबकडी काढली. पोरं पाण्यावर शिंपले भिरकावतात ते बघून त्याला हे सुचलं, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण तबकडी उडते तशीच. इंग्लंडने १९२१ मध्ये कायदा करून पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवरची नेमबाजी बंद केली तेव्हा बंदूकवाल्यांना जायला जागा होती. आता त्या तबकडीत मातीही नसते, चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पदार्थ असतो. ऑलिम्पिकची तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची आणि साधारण १०५ ग्रॅमची. नाव मात्र अजून 'क्ले पिजन', मातीचं कबूतर.

या खेळाची एक गंमत अशी की तो म्हाताऱ्यांना लवकर हाकलत नाही. रायफलवाल्याला डोळ्याजवळची माशी स्पष्ट दिसावी लागते आणि चाळिशी लागली की तीच आधी धूसर होते. छर्र्याच्या बंदुकीत दोन्ही डोळे उघडे ठेवून नजर लांब उडणाऱ्या तबकडीवर लावायची असते, आणि लांबचं म्हाताऱ्यांना बऱ्याच काळ नीट दिसतं. शरीर कुरकुरतं ते दुसरीकडे. धक्क्याने खांदा दुखतो, मान अवघडते, बोट क्षणभर उशिरा हलतं. तरी अमेरिकेतल्या ट्रॅपवाल्यांच्या संघटनेत ५५ व्या वर्षी माणूस 'सब-व्हेटरन' होतो, ६५ ला 'व्हेटरन' आणि ७० ला 'सीनियर व्हेटरन'. वयाला पायऱ्या लावून दिल्या आहेत, चढत राहा. तिकडे तक्रार असते ती वेगळी: मैदानावर सगळी पांढरी डोकी, नवी पोरं कुठे आहेत?

आपल्याकडे हा खेळ आला, पण राजवाड्याच्या दारातून. बिकानेरचे महाराजा करणी सिंह १९६० च्या रोमपासून १९८० च्या मॉस्कोपर्यंत पाच ऑलिम्पिक खेळले. १९६२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं. जन्म १९२४ चा, म्हणजे मॉस्कोत ते ५६ वर्षांचे होते. १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ट्रॅपचं सुवर्ण मिळवणारे रणधीर सिंग पतियाळाच्या घराण्यातले. घरी बंदुका, शिकारीचा वारसा, आणि शिकार गेल्यावर तबकडीवर खर्च करायला पैसा. तबकडी स्वस्त दिसते, पण प्रत्येक तबकडीमागे एक-दोन काडतुसं जातात आणि सरावात ती शेकड्याने लागतात. मोठेबाबांना वर्षाला जेवढी मिळायची तेवढी तिथे एका सकाळीत संपली असती.

गंमत म्हणजे देशातल्या नेमबाजी संघटनेचा पाया घालणारा माणूस मराठी होता. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर १९५१ साली राष्ट्रीय रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्ष झाले, त्यांच्या नावाची स्पर्धा अजून भरते. पण महाराष्ट्राने पुढे नाव काढलं ते छपराखालच्या निशाण्यांवर. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे, सगळे रायफल किंवा पिस्तूलवाले. उडत्या तबकडीचं मोठं नाव आपल्याकडे पटकन आठवत नाही.

मोठेबाबांनी मातीचं कबूतर टीव्हीवर पाहिलं, तेही २००४ मध्ये राठोड साहेबांना अथेन्सला रौप्य मिळालं तेव्हा. "हे तर तितरापेक्षा सोपं आहे," म्हणाले, "याले झाडामागं लपता येत नाही." तेव्हा ते ६७ चे होते. बिकानेरात जन्मले असते तर कदाचित हातात बंदूक घेऊन उभे असते. मूलला ते धानाच्या गिरणीत हिशेब लिहीत होते आणि बंदूक दसऱ्याला पूजेपुरती बाहेर यायची. एरवी प्रत्येक निवडणुकीच्या आधी ठाण्यात जमा, नंतर परत. त्यांचा आलापल्लीकडचा मित्र तर ऐंशीच्या दशकातच बंदूक जमा करून मोकळा झाला. 'दादा' लोक रात्री येऊन मागतील आणि सकाळी पोलीस विचारतील, यापेक्षा नसलेली बरी, असं त्याचं म्हणणं. बाकीचे तिघे वारले. दोघांच्या मुलांनी बंदुका विकून टाकल्या, तिसऱ्याच्या बंदुकीचं काय झालं ते मोठेबाबांनाही ठाऊक नाही.

आणि नेमक्या या टप्प्यावर जंगलानेच त्यांना परत बोलावलं. रानडुकरांनी धान लोळवायला सुरुवात केली होती. २०१५ मध्ये राज्य सरकारने पिकांची नासाडी करणाऱ्या डुकरांना आणि रोह्यांना परवानगी घेऊन मारायची सोय केली. परवानगी मिळाली तरी मारणार कोण? आसपासच्या गावांत परवान्याची बंदूक आणि ती चालवायची अक्कल दोन्ही असलेले सगळे सत्तरीच्या पुढचे. चार शेतकरी घरी आले. मोठीआई नको नको म्हणत होती. मोठेबाबा ७८ वर्षांचे, पण तरुण झाल्यासारखे तयार झाले. मी सुट्टीवर होतो म्हणून सोबत गेलो.

बांधीच्या कडेला मचाण बांधलं होतं. रात्री दीडच्या सुमाराला मला धान हलल्याचा आवाज आला, मग कचकच चावण्याचा. मचाणावरच्या तिसऱ्या माणसालाही आला. आम्ही मोठेबाबांकडे पाहिलं. ते शांतपणे समोर बघत बसले होते. डुकरं आमच्या डाव्या अंगाला पंधरा-वीस हातांवर चरत होती आणि ज्या माणसाला पान पडल्याचं कळायचं त्याला काही ऐकू येत नव्हतं. मी हळूच गुडघ्याला हात लावून बोट दाखवलं. त्यांनी बंदूक उचलली, थांबले, आणि खाली ठेवली. "आवाज येत नसेल तर बार टाकू नये. मागं माणूस असला तर?" डुकरं पहाटेपर्यंत खाऊन गेली.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. उजव्या खांद्यावरून बार टाकणाऱ्याचा डावा कान नळीकडे वळलेला असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. कानात बोळा न घालता उडवलेले बार डाव्या कानात साठत जातात, आणि आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. पानांची सळसळ, धानाची खसखस, कुजबुज. म्हणजे शिकाऱ्याला जे आवाज लागतात नेमके तेच. परदेशातले म्हातारे कानाला आवरण लावून उभे राहतात. आमच्याकडे तसं कुणी सांगितलंच नाही. आणि सांगितलं असतं तरी जंगलात कान झाकून जाणार कोण?

त्या शेतकऱ्यांनी पुढे कुंपणात वीज सोडली की काय केलं, मी विचारलं नाही. तारेच्या विजेने डुकरांबरोबर वाघही मरतात, माणसंही, हे आमच्या जिल्ह्यातल्या पेपरात अधूनमधून वाचतोच आपण.

तर पुन्हा परवान्याचं पुस्तक. पुण्याच्या दादाला विचारलं, तो म्हणाला फ्लॅटमध्ये कुठे ठेवू. मोठेबाबांनी मला विचारलं, "तुले पाहिजे काय?" वारसाच्या नावावर करता येते, पण अर्ज, प्रशिक्षणाचा दाखला, चौकशी, सगळं आलं. खरं सांगायचं तर कागदपत्रांचं मी निमित्त केलं. मला ती नको आहे. हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांनी जुन्या धोतराचा तुकडा घेतला, नळीत तेल फिरवलं, दोन्ही नळ्यांतून खिडकीच्या उजेडाकडे पाहिलं आणि बंदूक पुन्हा कापडात गुंडाळली.

मार्चमध्ये मी परत जातोय. ठाण्यात जमा करायला सोबत कुणीतरी पाहिजे, आणि तिथे त्यांच्या उजव्या बाजूला बसावं लागेल, नाही तर साहेब काय विचारतात ते त्यांना ऐकू येणार नाही.