ज्वर उतरल्यानंतरचे दिवस

साथींचा इतिहास लिहिणारे बहुधा मृतांची गणती करतात. जे वाचले, परंतु वाचल्यावर कित्येक महिने ज्यांना चार पायऱ्या चढणेही दुष्कर झाले, त्यांची नोंद सरकारी दप्तरात क्वचितच आढळते. बेळगाव-निपाणीच्या मुलखात, जिथे मराठी आणि कन्नड घरे पिढ्यानपिढ्या भिंतीला भिंत लावून नांदत आली, दुखणाइताला पुन्हा पायांवर उभे करण्याची विद्या घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांनीच सांभाळली. तिचा इतिहास जुळवायचा तर इस्पितळाच्या आधी माजघरात शिरावे लागते.

देवीच्या रोगाचेच उदाहरण घ्यावे. घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधीत, फोडणीचा वास उठू देत नसत, परका माणूस उंबऱ्याच्या आत येत नसे. खपल्या गळून पडल्या की निंबाचा पाला घालून तापवलेल्या पाण्याने रोग्यास पहिले स्नान घालीत. आहाराचा क्रमही ठरलेला असे: आधी पेज, मग मुगाचे कढण, मग मऊ भात, आणि तेवढे पचू लागले की हुलग्याचे माडगे किंवा नाचणीची आंबील. सौंदत्तीच्या यल्लम्माला अथवा वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला बोललेला नवस फेडायचा तो रोग्याच्या अंगात बळ आल्यावरच, मग त्यास वर्ष लागो. आणि त्या देवस्थानाचा डोंगर आपल्या पायांनी चढणे हीच त्या काळी बरे झाल्याची खरी कसोटी होती, असे मला वाटते. चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सेत सांगितले आहे की ज्वरमुक्ताने बळ परत येईपर्यंत व्यायाम, मैथुन, स्नान आणि हिंडणेफिरणे वर्ज्य करावे, नाही तर गेलेला ज्वर उलटतो. पोथी न वाचलेल्या घरांतही हा नियम पाळला जात होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सरकारचे लक्ष मात्र रोग टाळण्याकडे होते. बेळगावच्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोत वासरांच्या कातडीवर देवीची लस तयार होई आणि तेथून मुंबई इलाख्यात रवाना केली जाई. या कामाने असंख्य जीव वाचले, त्याचे श्रेय निःसंशय द्यावे; परंतु रोगातून उठलेल्यासाठी अशी कोणतीच तजवीज नव्हती.

या उणिवेची सर्वांत दारुण प्रचीती १९१८ साली आली. जूनमध्ये मुंबईत सौम्य रूपाने प्रकटलेला इन्फ्लुएंझा सप्टेंबर-ऑक्टोबरात संहारक होऊन इलाखाभर पसरला, आणि त्यात मुंबई इलाख्यातील सुमारे दहा लाख माणसे गेली. मरणारांत वीस ते चाळीस वयाची, म्हणजे ऐन उमेदीची माणसे अधिक होती. त्याच वर्षी पावसाने दगा दिला, धान्य महागले. जे शेतकरी आणि मजूर अंथरुणावरून उठले, त्यांना पथ्याचे दिवस काढण्याइतकी ना कणगीत ज्वारी होती, ना घरात दुसरा कमावता. माजघरातली ती विद्या जिवंत होती, पण ती आचरायला लागणारी सवड गरिबाजवळ नव्हती. साऱ्या इतिहासाचा मर्मबिंदू माझ्या दृष्टीने हाच आहे.

पुढे पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांमुळे रोगातून उठलेल्यांच्या पुनर्वसनाचे शास्त्र आपल्याकडे रुजले. १९५५ साली मुंबईत अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. पण अवघ्या एका वर्षाने, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, आणि जी मुंबई आपली राजधानी होती ती परराज्यातील नगरी झाली.

निपाणीची कथा आणखी कठीण. तंबाखूच्या वखारींत धूळ श्वासाबरोबर ओढीत चाळणी चालवणारी बाई, किंवा मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई, रोजाच्या किंवा हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर जगते. आजाराच्या दिवसांचे दाम तिला मिळत नाहीत. १९७६ साली बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला, त्यातून दवाखान्यांची सोय झाली. तथापि तापातून उठलेल्या फुप्फुसांना त्याच धुळीत परत जाण्याआधी काही आठवडे विसावा देणे, हे औषधाने साधणारे काम नव्हे.

कोरोनाच्या साथीत हे सर्व पुन्हा समोर आले. उपचारांसाठी निपाणीकर कोल्हापूरची वाट धरीत आले आहेत. त्या वाटेवर राज्यसीमेवरच्या कोगनोळी नाक्याला तपासणी बसली आणि कोल्हापूरकडून येणाऱ्यांकडे चाचणीचे दाखले मागितले जाऊ लागले. प्राणवायूच्या नळीवरून सुटून घरी आलेली माणसे न्हाणीघरापर्यंत चालताना धापा टाकीत, आणि शेजारीपाजारी त्यांना बरे झाले असेच समजत. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या दीर्घ अशक्ततेची व्याख्या केली, तेव्हा पुष्कळजण कामावर परतून पुन्हा आजारी पडले होते. श्वासाचे व्यायाम, थोडे थोडे वाढवत नेलेले चालणे, दम लागताच थांबणे, प्रथिनयुक्त आहार, हे आजचे उपाय जुन्या पेज-कढणाच्या क्रमाशी सख्खे नाते सांगतात. त्यांना उणीव आहे ती देखरेखीची.

म्हणून बेळगाव, निपाणी आणि कोल्हापूर येथील रुग्णालयांच्या चालकांना माझी विनंती आहे, की रोग्यास घरी पाठवताना हाती देण्याच्या कागदावर पुढील तीन महिन्यांचा आहार, व्यायाम आणि विश्रांतीचा क्रम मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत छापावा, आणि वखारीच्या मालकाला दाखवता येईल असा सुटीचा दाखला त्यासोबत जोडावा.